निर्यात द्राक्षबागेतील तण: ग्लायफोसेट, पॅराक्वाट की ग्लुफोसिनेट?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातील द्राक्ष बागायतदाराने तणनाशक मागितले की दुकानदार बहुधा ग्लायफोसेट, पॅराक्वाट आणि ग्लुफोसिनेट अमोनियम या तिघांपैकी एक पुढे करतो. तण किती जळते एवढ्यावर ही निवड करता येत नाही. लेबलावरील मान्य पिकांत द्राक्ष आहे का आणि माल जिथे जाणार तिथली अवशेष मर्यादा काय, हे आधी पाहावे लागते. क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे 2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांची जी अडवणूक झाली, ती इथल्या जुन्या निर्यातदारांना पुरती आठवते.

हराळी आणि लव्हाळा या चिवट बहुवार्षिक तणांवर ग्लायफोसेटला तोड नाही, कारण ते पानातून मुळापर्यंत उतरते. मात्र बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यात ते निम्मेअर्धे वाया जाते आणि वाऱ्याने उडालेला तुषार वेलीच्या कोवळ्या फुटीवर किंवा नव्या लागणीच्या हिरव्या खोडावर पडला, तर तेच औषध वेलीतही उतरते. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात घातले. युरोपीय संघाने मात्र 2023 मध्ये त्याची परवानगी आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. म्हणजे युरोपात ते चालते. भारतात मात्र नोंदणी चहा व बिगरपीक क्षेत्रापुरती आहे आणि ऑक्टोबर 2022 च्या केंद्रीय आदेशाने वापरही परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला.

पॅराक्वाटचे नेमके उलटे आहे. भारतातील लेबलावर द्राक्ष आहे, पण युरोपीय न्यायालयाने जुलै 2007 मध्ये त्याची मान्यता रद्द केली. पुढे 2020 मध्ये थायलंड आणि ब्राझील यांनीही ते बंद केले. युरोपात वापरास बंदी असताना इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथे निर्यातीसाठी त्याचे उत्पादन चालूच राहिले. धोकादायक रसायनांच्या व्यापाराची पूर्वसूचना बंधनकारक करणाऱ्या रॉटरडॅम कराराच्या यादीत ते घालण्याची शिफारस झाली, तेव्हा हरकत घेणाऱ्या देशांत भारतही होता. व्यापाराचे हे राजकारण बाजूला ठेवले तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन गोष्टी उरतात. पहिली अशी की ते जिथे पडते तेवढाच भाग जाळते, दोन दिवसांत पाने करपवते, पण लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत शाबूत राहतात आणि पंधरवड्यात पुन्हा हिरवे दिसते. दुसरी, आणि माझ्या मते निर्णायक, अशी की पोटात गेलेल्या पॅराक्वाटवर उतारा नाही. थोडेसे गिळले तरी फुप्फुसे निकामी होत जातात आणि डॉक्टरांच्या हाती फारसे काही राहत नाही. मजुरांच्या हाती पंप देणाऱ्या घरात ही बाटली, विशेषतः पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतून, ठेवू नये.

ग्लुफोसिनेटविषयी थोडक्यात सांगता येते. वेलीतील वहन मर्यादित असल्याने तुषाराचा धोका ग्लायफोसेटपेक्षा कमी आहे, पण बहुवार्षिक हराळी पुन्हा फुटते. युरोपीय मान्यता 2018 मध्ये संपली आणि भारतातील शिफारस मुख्यतः चहा व कपाशीसाठी आहे. जानेवारी 2024 मध्ये तांत्रिक ग्लुफोसिनेटच्या, म्हणजे औषध बनवण्याच्या मूळ कच्च्या मालाच्या, आयातीवर भारताने बंदी घातली, ती देशी उत्पादकांसाठी होती. भावाचा भरवसा धरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

युरोपात परवानगी नसलेल्या रसायनाला सहसा प्रतिकिलो 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे प्रयोगशाळेला दिसेल इतकीच, मर्यादा लागू होते. तणनाशक जमिनीवर पडते, घडावर नाही, हे खरे. पण ऑक्टोबर छाटणीनंतर तुषार घडापर्यंत गेला की वाद घालायला जागा उरत नाही. म्हणून निर्यातीच्या नोंदणीकृत प्लॉटमध्ये मी तिघांपैकी एकही सुचवत नाही. ओळींमध्ये पॉवर टिलर किंवा ब्रश कटर, आणि बोदावर उसाच्या पाचटाचा जाड थर हा मार्ग मजुरीला महाग असला तरी नमुना नापास होण्यापेक्षा स्वस्त आहे. ज्यांना औषधाशिवाय भागतच नाही, त्यांनी ते एप्रिलच्या खरड छाटणीच्या आसपास, वारा पडलेला असताना, तुषार उडू नये म्हणून नोझलला हूड (झाकण) लावूनच मारावे. मात्र त्याआधी पक्के बिल घ्यावे आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू वर्षाच्या शिफारशीत औषधांच्या यादीत ते नाव आहे का, हे निर्यातदाराकडून तपासून घ्यावे.