परदेशात गुंतवणूक कोठे करावी? पणजीतील एका सल्लासेवेचा अनुभव

गोव्यातील लहान व मध्यम उद्योगांना परदेशात उपकंपनी किंवा भागीदारी कोणत्या देशात करावी, याचा अहवाल तयार करून देणारी एक सल्लागार संस्था पणजीत आहे. डिचोलीतील आमच्या काजू कारखान्यासाठी आम्ही तिची सेवा घेतली. पुढे काही उणिवाही मांडायच्या असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही. कच्ची काजू बी आफ्रिकेतून मागवत राहण्याऐवजी प्रक्रियेचा काही भाग मोझांबिकमध्येच करावा, की पोर्तुगाल अथवा दुबईत केवळ विक्री कार्यालय उघडावे, असा आमचा प्रश्न होता.

अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग मोझांबिकमधील कायदे आणि धोरणे यांविषयीचा आहे. कच्च्या बीवर तेथे निर्यातकर असल्यामुळे स्थानिक कारखान्याला माल स्वस्त पडतो, एवढे कोणीही सांगितले असते. या सल्लागारांनी मात्र त्या कराचा इतिहास पुढे ठेवला. 1990च्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहामुळे हा कर कमी झाला, कच्चा माल भारताकडे वळला आणि नुकतेच खासगीकरणातून कारखाने विकत घेतलेल्या मालकांना ते बंद करावे लागले. पुढे 1999 मध्ये कायदा करून कर पुन्हा 18 ते 22 टक्क्यांच्या पट्ट्यात नेण्यात आला. जे संरक्षण एकदा काढून घेतले गेले, त्याच्या भरवशावर यंत्रसामग्रीत पैसा किती काळासाठी अडकवायचा, हा प्रश्न आम्हाला त्यामुळे प्रथमच नीट दिसला. जमिनीचेही तसेच आहे. मोझांबिकमध्ये जमीन सरकारच्या मालकीची असते. उद्योगाला वापराचा हक्क 50 वर्षांपर्यंत मिळू शकतो व त्याचे नूतनीकरणही होते, परंतु जमीन विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. आपल्याकडे जमिनीच्या तारणावर कर्ज काढण्याची सवय असलेल्या उद्योजकाला तेथे भांडवलाचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो. काजूचा नांपुला प्रांत हा सशस्त्र बंडाळीने ग्रासलेल्या काबो देल्गादोला लागून आहे, याचीही योग्य दखल अहवालात आहे.

संस्कृतीवरील प्रकरण मात्र निराशाजनक आहे. देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना आकड्यांत मांडणारे डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांच्या निर्देशांकांचे तक्ते देऊन देशादेशांतील ‘सांस्कृतिक अंतर’ एका आकड्यात काढले आहे. हे निर्देशांक मुळात आयबीएम या संगणक कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी 1967 ते 1973 या काळात दिलेल्या उत्तरांवर उभारलेले आहेत. तेव्हा पोर्तुगालमध्ये हुकूमशाही होती आणि मोझांबिक त्याची वसाहत होते. शिवाय लिस्बनमधील कंपनीला गोवा जितका दूर वाटतो, तितकेच लिस्बन डिचोलीच्या कारखानदाराला दूर वाटते, हे त्या एका आकड्यामागचे गृहीतकच शंकास्पद आहे. लिस्बन परिसरात स्थायिक झालेल्या गोमंतकीयांमुळे ते अंतर एखाद्या कुटुंबासाठी फारच कमी होते आणि दुसऱ्यासाठी मुळीच होत नाही. राष्ट्रीय सरासरीतून हे कळत नाही.

त्याहून गंभीर चूक म्हणजे गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता लागू असल्यामुळे मोझांबिकचा कायदा आम्हाला ‘परिचित’ ठरेल, हे विधान. आपल्याकडे 1867च्या संहितेतील तरतुदी विवाह, कौटुंबिक मालमत्ता आणि वारसा यांपुरत्या उरल्या आहेत. करारमदार भारतीय कायद्यानेच होतात. मोझांबिकची संहिता 1966ची आहे आणि करारही तिच्या कक्षेत येतात. पणजीतील एखाद्या अनुभवी नोटरीनेही हा फरक सहज दाखवला असता.

भारतातील कागदपत्रांचे काम त्यांनी चोख केले. 2022च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार बँकेमार्फत भरायचे अर्ज आणि दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत द्यायचा कामगिरी अहवाल, हे सारे त्यांनी वेळेआधी समजावून सांगितले. दुबईवरील भाग त्रोटक आहे, पण केवळ विक्री कार्यालयाच्या निर्णयासाठी तो पुरला.

कारखाना काढायचा असणाऱ्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी. मात्र संस्कृतीवरील प्रकरण वगळून शुल्क कमी करून मागावे आणि त्या पैशात मोझांबिकमध्ये वकिली करणाऱ्या एखाद्या पोर्तुगीज भाषेच्या जाणकाराकडून कराराचा मसुदा तपासून घ्यावा.