दीड टनाचा एसी, ४ ची वायर, २० चा एमसीबी : सात महिन्यांनंतर

मार्चमध्ये नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसवला. एसी छान चालतोय, त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते त्याच्या वायरिंगबद्दल, कारण पहिल्या महिन्यातच ते जिवावर बेतलं असतं.

कोथरूडमधली आमची इमारत १९८९ ची, आम्ही शेवटच्या मजल्यावर. पहिल्या इलेक्ट्रिशियनने बाथरूममधल्या गिझरच्या पॉइंटवरूनच एसीला लाइन काढून दिली. वायर जुनी, २.५ स्क्वेअर एमएमची. गिझर ३ किलोवॅटचा इन्स्टंट, म्हणजे १३ अँपिअर. त्यात एसीचे सात. संध्याकाळी नानांनी एसी लावला आणि घरातले एकामागून एक आंघोळीला गेले की १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडायचा. त्याला पुन्हा बोलावलं तर म्हणाला, "ताई, सोळाचा पडतच राहणार. पाच किलोवॅटचा एसी आहे, बत्तीसचा टाकतो, मग टेन्शन नाही." टाकला. आणि खरंच पडायचा थांबला.

एप्रिलमध्ये एका रात्री खोलीत जळका वास आला. मेन बंद करून गिझरच्या सॉकेटचं कव्हर काढलं. फेजच्या स्क्रूभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं आणि वायरीचं इन्सुलेशन बोटभर लांबीपर्यंत कडक झालं होतं. जरा वाकवलं तर तडकलं. स्क्रूला पेचकस लावला तर तो दीड फेरा सैल निघाला. भिंतीच्या पलीकडे नानांचा पलंग आहे.

दुसरे वायरमन आले ते परवानाधारक, साठीचे काका. त्यांनी आधी आउटडोअरवरची (एसीच्या गच्चीवरच्या युनिटवरची) प्लेट वाचली. पाच किलोवॅट ही थंड करण्याची क्षमता (एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट). वीज तो दीड-पावणेदोन किलोवॅटच खातो. आमच्या प्लेटवर ७.३ अँपिअर होते, कमाल ९.५. बत्तीसचा हिशेब तिथेच चुकला होता. काका म्हणाले, "एमसीबी एसीसाठी नसतो ताई, वायरीसाठी असतो." ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर तासभर जाऊ देतो, पडत नाही. पाइपातून गेलेल्या २.५ च्या वायरीची ताकद वीस-चोवीसची, तीही तीस अंश तापमानाला. एप्रिलच्या पुण्यात गच्चीखालच्या भिंतीत त्याहून कमी. म्हणजे वायर आधी जळणार, एमसीबी नंतर. सैल स्क्रू मात्र कुठल्याच एमसीबीला कळत नाही, तो दरवर्षी माणसानेच तपासायचा, हेही त्यांनी बजावलं.

मग तपकीर गल्लीतून सामान आणलं: ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची एफआरएलएस वायर (आग आणि धूर कमी पसरवणारी), सी कर्व्हचा (सुरू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा) २० चा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, गच्चीसाठी पाणी न शिरणारा आयसोलेटर (युनिटजवळच वीज तोडायचा स्विच). आमच्या मॉडेलचा मेन सप्लाय आउटडोअरलाच जातो, म्हणून डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) थेट गच्चीपर्यंत स्वतंत्र लाइन, १८ मीटर. मध्ये एकही जोड नाही, टोकांना लग (धातूची टोकं) दाबून बसवलेले. सात अँपिअरला ड्रॉप (वायरीत होणारी व्होल्टेजची घट) सव्वा व्होल्ट, २.५ ची वायर असती तरी दोनच व्होल्ट झाला असता. म्हणजे ४ ची घेतली ती ड्रॉपसाठी नाही, उन्हात तापणाऱ्या पाइपासाठी. गिझरला त्याची वेगळी नवी लाइन आणि १६ चा एमसीबी.

मे महिन्यात भर दुपारी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) लावून पाहिलं: ६.९ अँपिअर. एमसीबी आजवर एकदाही पडलेला नाही, हाताला कोमटसुद्धा लागत नाही.

आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) मात्र जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात पडला. आउटडोअर सुरू झालं की लगेच. ३० मिलिअँपिअरचा आहे, लोक म्हणतात हा उगाच त्रास देतो, काढून टाका. कृपा करून काढू नका. आयसोलेटरमध्ये केबल वरून घातली होती, तिच्यावरून ओघळून पाणी आत गेलं होतं. केबल खालून ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) घेतली, आधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं, त्यानंतर सबंध पावसाळ्यात पडला नाही.

सगळ्यात जास्त समाधान कशाचं म्हणाल तर त्या आयसोलेटरचं. आपल्याकडे तो फारसा कोणी बसवत नाही. अमेरिकेच्या विद्युत नियमांत मात्र बाहेरच्या युनिटपासून दिसेल अशा जागी असा वीज तोडायचा स्विच (डिस्कनेक्ट) लागतोच. सप्टेंबरमध्ये सर्व्हिसिंगचा मुलगा गच्चीवर कॉइल धुवायला बसला तेव्हा दांडा ऑफला फिरवून त्यात कुलूप घातलं आणि किल्ली त्याच्याच खिशात दिली. खाली कोणी चुकून एमसीबी वर केला तरी त्याला धोका नाही. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो म्हणून झाकण उघडण्याआधी तो काही मिनिटं थांबला, मल्टिमीटरने पाहिलं आणि मगच हात घातला.

एकच उणीव. आयसोलेटरच्या झाकणाचं रबर उन्हाने कडक व्हायला लागलंय. पुढच्या पावसाळ्याआधी बदलणार आहे, आणि तेव्हाच सगळे स्क्रू पुन्हा आवळून घेणार आहे.