'कार वॉर्स'चा जुना संच घेताय? आधी हे वाचा

पटावरचे जुने खेळ जमवणाऱ्या आपल्या मंडळींसाठी, विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी, हे लिहितोय. या खेळाचा जुना संच म्हणून एका भामट्याने मला बनावट माल विकला.

'कार वॉर्स' टेक्सासमधल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सने १९८० च्या सुमारास काढला. पन्नासेक वर्षांनंतरच्या अमेरिकेत मशीनगन आणि रॉकेटं बसवलेल्या गाड्यांची झुंज हा लोकप्रिय खेळ झालाय, ही त्याची कल्पना. नवखे चालक रिंगणात उतरतात आणि जगले तर नाव कमावतात. मला हा खेळ मनापासून आवडतो.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत गाड्यांच्या सोंगट्या पातळ कार्डावर छापलेल्या असत आणि त्या आपणच कात्रीने कापायच्या. त्यामुळे जुन्या डबीत बहुधा कापलेल्या, त्यातही चार-दोन हरवलेल्या सोंगट्या निघतात. न कापलेलं पान मिळालं तर संग्राहक हसत जास्त पैसे मोजतात. भामट्याने नेमकं हेच हेरलं होतं.

ऑनलाइन भेटलेल्या विक्रेत्याने 'अस्सल, न कापलेला' संच १४० डॉलरला देऊ केला. फोटो उत्तम होते, बोलणं गोड होतं. फक्त पैसे पेपॅलसारख्या सेवेतल्या 'मित्र-नातेवाईक' पद्धतीने (म्हणजे खरेदी न दाखवता) पाठवा, कमिशन वाचेल, असा आग्रह होता. त्या पद्धतीत खरेदीदाराला संरक्षण नसतं, आणि आग्रहामागचं खरं कारण तेच.

पार्सल आलं. प्लॅस्टिकची डबी खरी, जुनीच होती. सोंगट्यांचं पान मात्र घरच्या प्रिंटरवर काढलेलं! भिंगाखाली पाहिलं की कळतं: छापखान्यातल्या रंगीत छपाईत ठिपक्यांची ठरावीक नक्षी दिसते, इंकजेटचे ठिपके विस्कटलेले असतात. प्रकाशक जुन्या आवृत्त्या डिजिटल रूपात रीतसर विकतो. त्या घरी छापून खेळण्यात काहीच गैर नाही. पण ते पान चाळीस वर्षांपूर्वीचं म्हणून खपवणं ही शुद्ध चोरी आहे. फोटोही दुसऱ्याच कुणाच्या जुन्या लिलावातून उचललेले निघाले. चित्रावरून इंटरनेटवर शोध घेताच त्या लिलावाचं मूळ वेबपान सापडलं.

पैसे परत मिळाले नाहीत, विक्रेत्याचं खातं गायब झालं.

असा संच घेताना सोंगट्यांच्या पानाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून नवा फोटो मागा, पानाचा कोपरा जवळून दाखवायला सांगा, आणि पैसे खरेदी म्हणूनच पाठवा. गेल्या आठवड्यात तेच फोटो नव्या नावाने पुन्हा विक्रीला लागलेत, त्या फोटोंतल्या डबीचा डावा कोपरा तुटलेला आहे. मी तक्रार केली आहे. तुम्हाला दिसले तर तुम्हीही करा.