सेव्हन कार्ड स्टड शिकताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीनंतर मेन रोडवरून पोकरचा संच घेतला. 300 चिप्स, प्लास्टिकचे दोन कॅट. तेव्हापासून दर शनिवारी रात्री मी, हे, सासरे, नणंद आणि तिचे मिस्टर असे पाच जण सेव्हन कार्ड स्टड हा पोकरचा प्रकार खेळतो. संच चांगला आहे, जरूर घ्या. पण सोबतच्या पुस्तिकेत फक्त टेक्सास होल्डेम हा दुसरा प्रकार आहे, स्टडबद्दल एक ओळ नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी पत्ते. नाशकात जुलैची झड लागली की कागदी पत्ते दमट होऊन चिकटतात. हे चिकटले नाहीत. चिवड्याचं तेल लागलं तर ओल्या फडक्याने पुसायचं. आकडे मोठे आहेत, त्यामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, टेबलापलीकडची पानं दिसतात. पेटीची कडी मात्र दुसऱ्याच महिन्यात निखळली, दुकानदाराने बदलून दिली नाही. आता रबर लावतो.

खेळ असा. प्रत्येकाने डावाआधी टाकायचा बूट एक चिप. दोन पानं पालथी, तिसरं उघडं. सर्वांत लहान उघडं पान ज्याचं, त्याने दोन चिप्स टाकायच्याच. बरोबरी झाली तर किलवर सगळ्यात खाली, मग चौकट, बदाम, इस्पिक. पुढची तीन पानं उघडी, सातवं पालथं, आणि चौथ्या पानापासून ज्याची उघडी पानं भारी तो आधी बोलतो, म्हणजे चिप्स लावायच्या की नाही ते सांगतो. तिसऱ्या-चौथ्या पानाला चाल (म्हणजे लावायच्या चिप्स) चारची, पाचव्यापासून आठची. शेवटी सातातली उत्तम पाच पानं धरायची, ज्याची भारी तो जिंकतो.

तीन पत्तीची सवय असलेल्यांचा एक घोळ हमखास होतो. तिथे सिक्वेन्स (ओळीने पानं) कलरपेक्षा (एकाच प्रकारची पानं, उदा. सगळी इस्पिक) मोठा, इथे उलटं. पाच पानांचे नुसते सिक्वेन्स 10,200 प्रकारे होतात, नुसते कलर 5,108 प्रकारे. जे दुर्मिळ ते मोठं. नणंदेने यावर दोन डाव वाद घातला होता.

चाल करायला मी खरी शिकले ती एका डावात. चार पानांत चारही इस्पिक! मी वाढवत सुटले. आठ-आठ भरत सातव्या पानापर्यंत गेले, कलर काही आला नाही. आप्पा म्हणाले, "अगं, टेबलावर इस्पिकची चार पानं उघडी होती, तुला कलर कुठून येणार?" दोन नणंदेसमोर, एक ह्यांच्यासमोर, एक खुद्द आप्पांसमोर. पन्नास वर्षं रमी खेळलेला माणूस, टाकलेलं पान विसरत नाही. रात्री वहीत गणित मांडलं. चौथ्या पानाला माझी चार आणि इतर चौघांची उघडी आठ सोडली तर मला न दिसलेली पानं 40. समोर एकही इस्पिक नसता तर नऊ शिल्लक, म्हणजे कलरची शक्यता शंभरात 55. चार बाहेर असल्याने उरले पाच, शक्यता 34. 55 असेल तर वाढवा. 34 असेल तर नुसता कॉल करून, म्हणजे समोरच्याएवढ्याच चिप्स भरून, पुढचं पान बघा, आणि तेही फुकट गेलं तर पुन्हा विचार करा. तेव्हापासून चिप्सना हात लावण्याआधी मी सगळ्यांची पानं पाहते. मागच्या शनिवारी राजांची जोडी पॅक केली (डाव सोडला), कारण उरलेले दोन्ही राजे समोर दिसत होते.

पहिल्या तीन पानांत जोडी साधारण सहा डावांत एकदा येते, तीन सारखी 425 डावांत एकदा. तेव्हा बहुतेक डाव तिथेच पॅक करायचे असतात, आणि हेच आम्हाला जमत नव्हतं. आम्ही पैसे लावत नाही, लावणारही नाही. पण चिप्सना काहीच किंमत नसली की सगळे शेवटपर्यंत चिकटून बसतात, पहिला महिना तसाच वाया गेला. मग वहीत हिशोब ठेवायला लागलो: महिनाअखेर ज्याच्या चिप्स सर्वांत कमी, त्याने रविवारी सगळ्यांसाठी मिसळ करायची. तेव्हापासून पॅक करणारे वाढले.

सातपेक्षा जास्त जण बसवू नका. सात जणांना 49 पानं पुरतात, आठ जणांना 56 लागतील आणि कॅटमध्ये 52च असतात.