गावच्या घरचं फायबर: बाहेरदेशी राहणाऱ्यानं घ्यावं का?

फायबर इंटरनेटचं कनेक्शन यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी आहे आणि मी अबुधाबीत इलेक्ट्रिशियन आहे. मागच्या सुट्टीत गावी होतो तेव्हा केबलवाल्याकडून लावून घेतलं. 40 एमबीपीएसचं पॅकेज, 499 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला 589 रुपये. एक अख्खा पावसाळा त्यानं काढला, म्हणून आता लिहितो.

आधी घरी फक्त मोबाइलचा डेटा होता. घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं, स्वयंपाकघरावर टिनं. रेंज यायची ती अंगणात. मी ड्युटीवरून खोलीवर येतो तेव्हा इथे सात वाजलेले असतात, गावी साडेआठ. नेमकं त्याच वेळी सगळं गाव मोबाइल घेऊन बसलेलं असतं. बाबा बाजेवर बसून "आयकू येते का? आयकू येते का?" करत राहायचे आणि फोन कटायचा. माय तर "तुमचंच होऊ द्या" म्हणून आत निघून जायची. महिना महिना तिचा चेहरा धड दिसत नव्हता.

पॅकेज घेताना सगळे स्पीड विचारतात. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुष्कळ होतात. बाहेरदेशी राहणाऱ्यानं अपलोड विचारावं, कारण आपल्याला दिसायचं ते चित्र गावाहून इकडे यायचं असतं. आमच्या फायबरला अपलोडही 40 मिळतो, आणि मला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात ते त्यासाठीच.

पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, फुलं लागली तेव्हाची गोष्ट. बाबा वावरातून येताना शर्टाच्या खिशात एक फूल घेऊन आले आणि कॅमेऱ्यापुढे धरलं. "हे पाय, उमलूनच नाई रायलं." पाकळ्या एकमेकींना चिकटून टोकाशी पिरगळलेल्या, आत रेशमासारखा धागा. बाबांनी नखानं पाकळी सोडवली तशी आतली बारीक अळी मला इथून दिसली. डोमकळी होती, म्हणजे गुलाबी बोंडअळी आली. मोबाइलच्या डेटावर हेच फूल मला नुसता पिवळा ठिपका दिसलं असतं. दुसऱ्याच दिवशी कृषी केंद्रातून कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) आणायला लावले आणि डोमकळ्या तोडून नष्ट करायला सांगितलं. सापळ्यात पतंग किती सापडले ते बाबा रोज संध्याकाळी सांगायचे. वावरातल्या निर्णयात मला पुन्हा धरलं गेलं, हे मला पगारवाढीपेक्षा मोठं वाटतं.

त्या सापळ्यांचे पैसेही मी इथूनच दिले. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं जानेवारी 2023 मध्ये दहा देशांतल्या मोबाइल नंबरवर अनिवासी खात्याचं यूपीआय चालवायची मुभा दिली, त्यात यूएई आहे. आपली बँक ती सोय देते का, हे आधी विचारून घ्या.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यूएईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. इंटरनेट कॉलसाठी परवानगी असलेलीच ॲप वापरावी लागतात. आम्ही बोटिम वापरतो. निघायच्या आधी ते माय-बाबांच्या फोनमध्ये टाकून, दोन-चार वेळा त्यांच्याकडूनच कॉल लावून घ्या. फोनवरून शिकवणं फार जड जातं.

विजेचं मी स्वतः केलं. गावठाण फीडर, म्हणजे गावातल्या घरांना वीज देणारी लाइन, कधी जाईल याचा नेम नाही, पण फायबरच्या मधल्या डब्यांना वीज लागत नाही. आपल्या घरचा डबा आणि तिकडे केबलवाल्याचं ऑफिस चालू असलं की नेट चालतं. घरचा डबा 12 व्होल्टचा, खातो अगदी थोडं. त्याचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, आता अंधारातही कॉल होतो. राउटर माजघरात ठेवला, कारण जाड भिंतीतून वायफायचं 5 गिगाहर्ट्झ जात नाही, फोन 2.4 वरच जोडून दिले.

आता तक्रार. तार खांबांवरून लोंबत येते. सोयाबीनचं कुटार भरलेली ट्रॉली गेली आणि तार तुटली. डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला. बाबांनी त्याचा फोटो काढून ठेवला, पण पाठवणार कशानं? शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून रात्री उशिरा मला मिळाला. कंपनीच्या कस्टमर केअरला मी इथून तक्रार टाकली, तर कोणी न येताच 'तक्रार निकाली' असा मेसेज आला. माझा जीव नुसता खालीवर. माय रक्तदाबाची पेशंट आहे आणि घरचा फोन लागत नाही, ही अवस्था भोगणाऱ्यालाच कळते. शेवटी लाइनमनला थेट फोन केला. तो पोरगा मशीन घेऊन आला, तारेतल्या काचेच्या धाग्याची दोन्ही टोकं सोलून, साफ करून, सारखी कापून मशीनमध्ये धरली, जोडली आणि हिरवा दिवा लागेपर्यंत थांबला. मायनं त्याला चहा दिला आणि मला कॉल लावून त्याच्यापुढेच सांगितलं, "भाऊनं केलं बापा चालू."

लाइनला आणि लाइनमनला पाचपैकी पाच, कंपनीच्या कस्टमर केअरला एक. आमच्या भागात कोणी घेणार असेल तर पॅकेजआधी लाइनमन कुठल्या गावाहून येतो ते विचारा आणि त्याचा नंबर स्वतःकडे ठेवा. वर्षाचं एकदम भरू नका, तीन-तीन महिन्यांचं भरा. मी पुढच्या तीन महिन्यांचे कालच भरले.