अपस्माराची औषधे आणि गर्भारपण : पुण्यातील एका सल्लाकेंद्राचा अनुभव

मला सतराव्या वर्षापासून अपस्मार आहे. मूल हवे असे आम्ही ठरवले तेव्हा मी रोज १,००० मिलिग्रॅम सोडियम व्हॅल्प्रोएट घेत होते आणि चार वर्षांत एकही फिट आलेली नसल्यामुळे ते औषध बदलण्याची कल्पना मला स्वतःलाच नकोशी वाटत होती. आधीच्या डॉक्टरांनी "दिवस गेले की गोळी बंद करा" एवढेच सांगितले होते. पुण्यातील ज्या केंद्राविषयी लिहीत आहे, तेथे मेंदूविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकत्र बसून रुग्णाशी बोलतात. पुढे तक्रारीही मांडल्या आहेत, म्हणून केंद्राचे नाव देत नाही.

पहिली भेट पाऊण तास चालली आणि त्या सल्ल्यातील चूक तेव्हाच समजली. गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याची खात्री होईपर्यंत ते काम जवळजवळ उरकलेले असते. शिवाय अपस्माराची गोळी एकाएकी सोडली तर लागोपाठ फिट येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या दहापैकी साधारण एका बाळात मोठा जन्मदोष आढळतो आणि ३० ते ४० टक्के मुलांमध्ये बोलणे, चालणे, शिकणे यांत अडचणी दिसतात, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मी घाबरले, पण घाबरवून सोडून दिले नाही, हे महत्त्वाचे.

व्हॅल्प्रोएटऐवजी लॅमोट्रिजिन घ्यायचे ठरले. व्हॅल्प्रोएट शरीरात असताना लॅमोट्रिजिनचा निचरा मंदावतो आणि मात्रा घाईने वाढवली तर अंगावर घातक पुरळ उठू शकतो, म्हणून सुरुवात एक दिवसाआड २५ मिलिग्रॅमने झाली. कोणत्या आठवड्यात कोणती गोळी किती घ्यायची, याचे हाताने आखलेले वेळापत्रक मिळाले. पूर्ण बदलास पाच महिने लागले. तोवर गर्भनिरोधनासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या नकोत, कारण त्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी उतरते, हे मला अन्यत्र कोणी सांगितले नव्हते. फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी दिवस जाण्याच्या तीन महिने आधीच सुरू झाली. थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गर्भवतींची नोंदवही ठेवली जाते, हा उल्लेखही तेथेच ऐकला. आपल्यासारख्या अनेकजणी आहेत, याचा धीर वाटला.

गर्भारपणात शरीर लॅमोट्रिजिन झपाट्याने बाहेर टाकते. त्यामुळे दिवस जाण्यापूर्वीची रक्तातील पातळी आधार मानून दरमहा तपासणी होत असे. सहाव्या महिन्यात एकदा डाव्या हाताला झटके आले तेव्हा पातळी निम्म्यावर आलेली आढळली. २०० मिलिग्रॅमची मात्रा पुढे टप्प्याटप्प्याने ३५० पर्यंत गेली. सासूबाईंना "गोळ्या वाढतातच कशा" ही काळजी होती, ती डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून शांतपणे दूर केली.

आता तक्रारी. वेळ दिलेली असूनही दोन-दोन तास थांबावे लागते आणि फोन दुपारी एकच तास घेतला जातो. हे सहन होते. बाळंतपणानंतरचा हलगर्जीपणा मात्र नाही. प्रसूतीनंतर औषधाचा निचरा दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होतो, म्हणून पहिल्या काही दिवसांतच मात्रा उतरवू लागावे लागते. तसा कागद मला दिलेला होता, पण मी माहेरी एका खासगी रुग्णालयात बाळंत झाले आणि तेथील डिस्चार्ज कार्डवर "पूर्वीप्रमाणे चालू" एवढेच लिहिले गेले. दहाव्या दिवशी चक्कर येऊ लागली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. आईने अशक्तपणा समजून डिंकाच्या लाडवांचे प्रमाण वाढवले! अखेर फायलीच्या तळाशी तो कागद नवऱ्याला सापडला आणि केंद्राला फोन लावल्यावर त्याच दिवशी मात्रा कमी करून मिळाली. प्रसूतीची तारीख ठाऊक असताना केंद्रातून आपणहून एक फोन यायला हवा होता.

स्तनपानास त्यांनी हरकत घेतली नाही. बाळ फार झोपाळू वाटते का, पुरळ येतो का, एवढे पाहण्यास सांगितले. माझी झोप मोडली की फिटचा धोका वाढतो, म्हणून रात्रीचे एक दूध काढून ठेवलेले असते आणि ते नवरा पाजतो. मी बाळाला जमिनीवरच्या गादीवर बसून पाजते आणि एकटी असताना आंघोळ घालत नाही. मुलगी सात महिन्यांची आहे. दुसऱ्या खेपेसही मी येथेच जाईन, फक्त तो कागद माहेरच्या डॉक्टरांच्या हाती आठव्या महिन्यातच देईन.