बाल्साचं रबर पॉवर विमान किट (१८ इंची): वेळ असेल तं नक्की घ्या

रेटिंग ५ पैकी ४

आधीच सांगतो, हे रिमोटवालं विमान नाही. बॅटरी नाही, मोटर नाही, ॲप तं नाहीच. लेझरनं कापलेल्या बाल्साच्या (एकदम हलक्या लाकडाच्या) शीट, एक मोठा प्लॅन (विमानाचा नकाशा), सांगाड्यावर चढवायला पातळ टिश्यू पेपर, प्लास्टिकचा प्रोपेलर, थोडी वायर अन् रबराची लांब पट्टी, एवढंच डब्यात येतं. रबर पिळून सोडलं की तेच प्रोपेलर फिरवते. बनवणारं युनिट छोटं आहे अन् मी खाली तक्रारी पण लिहून राहिलो, म्हणून नाव टाकत नाही. तसंही या साइजची रबर पॉवर किटं साधारण सगळी अशीच असतात, कोणतंही घेतलं तरी हे वाचलेलं कामात येईल.

लोकं विचारतात, बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) फोमचं ग्लायडर स्वस्तात भेटते, फेकलं की उडते, मग इतके दिवस काड्या चिटकवत काहून बसायचं? तं फोमचं विमान उडलं तं उडलं, अन् नाही उडलं तं काहून नाही उडलं हे आपल्याला कळतच नाही. याच्यात प्रत्येक रिब (पंखाला आकार देणारी आडवी फासळी) आपल्या हातानं लागलेली असते, त्यामुळे विमान डावीकडे खेचायला लागलं की पंख डोळ्यांसमोर आडवा धरायचा, मागच्या कडेला कुठं पीळ बसला ते लगेच दिसते, चहाच्या केटलीच्या वाफेवर धरून उलटा पीळ द्यायचा अन् पुन्हा सोडायचं. मला विचाराल तं पैसे या मजेचेच आहेत. माझी भाची सातवीत आहे, नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपुरातल्या वायुसेना नगरच्या एअर फेस्टला सूर्यकिरणची (वायुसेनेच्या कसरती करणाऱ्या टीमची) विमानं पाहिली तेव्हापासून तिला याचं वेड, अन् या किटची शेपटी तिनं एकटीनं केली. आता आकाशात विमान दिसलं की "मामा, त्याचे पंख वर वळलेले आहेत का सरळ?" असं विचारते. पंखांची टोकं थोडी वर असली की विमान एका बाजूला कललं तरी आपोआप सावरते, हे तिला पुस्तकातून नाही, दोन अर्धे पंख जोडताना एका टोकाखाली ठोकळा ठेवावा लागला तेव्हा कळलं.

बांधणी अशी. प्लॅन थर्माकोलवर पसरायचा, वरून पारदर्शक पन्नी, अन् लाकूड थेट प्लॅनच्या रेघांवर ठेवून चिटकवायचं. टाचण्या लाकडात खुपसायच्या नाहीत, दोन्ही बाजूंनी टेकवायच्या, नाहीतर बाल्सा चिरते. फेविकॉल टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच, फेविक्विक पटकन धरते पण सांधा कडक अन् ठिसूळ होते, मी ते फक्त दुरुस्तीला वापरतो. कटिंग छान आहे, तुकडे पॉलिश पेपर न मारता बसतात.

पहिली तक्रार लाकडाची. एक शीट बाकीच्यांपेक्षा सरळ सरळ जड निघाली. बाल्सामध्ये हे होतेच, एकाच जातीचं लाकूड पण वजनात दुपटीचा फरक पडू शकते, तरी किटवाल्यानं निवडून द्यायला पाहिजे. तुम्ही काय करा, जड शीटमधले तुकडे पुढच्या भागात वापरा अन् हलकं लाकूड शेपटीसाठी राखून ठेवा, काहून की शेपटी पंखापासून दूर असते, तिथं एक ग्रॅम वाढला की नाकात दोन-तीन ग्रॅम क्ले लावावी लागते, अन् मग विमान जड होऊन जमिनीकडेच ओढलं जाते.

टिश्यू लावताना नागपूरकरांनी एक ध्यानात ठेवा, कूलरच्या खोलीत हे काम करू नका. कागद चिटकवून वरून पाण्याचा बारीक फवारा मारला की वाळताना तो तबल्याच्या पुडीसारखा ताणला जाते, पण कूलरच्या ओल्या हवेत ताण येतच नाही, आला तरी सैल पडते. मे महिन्यात बिनकूलरच्या खोलीत बसणं मुश्कील, म्हणून आम्ही हे काम दिवाळीनंतर केलं. वाळेपर्यंत पंख पाटावर टाचण्यांनी दाबून ठेवा, नाहीतर वाकडा होते.

गंमत म्हंजे ही रबराची युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८७१ मध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच माणसानं पॅरिसच्या तुइलरी बागेत पीळ दिलेल्या रबरावर विमानाचं मॉडेल ११ सेकंद उडवून दाखवलं होतं, अन् १८७८ मध्ये राइट भावांच्या वडिलांनी पोरांसाठी जे उडणारं खेळणं आणलं ते पेनोच्याच धर्तीवरचं होतं. पुढं १९०३ मध्ये या भावांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. डब्यातली रबराची पट्टी हातात घेतली की मला दरवेळी हेच आठवते अन् खरंच भारी वाटते.

उडवायचं सकाळी लवकर, मोठ्या मैदानावर, हवा पडलेली असताना. आधी रबर न पिळता गवतावर हळूच सोडून पाहायचं. नाक खाली घालून आपटलं तं नाकातली क्ले काढा, वर चढून मध्येच थांबून धपकन पडलं तं क्ले वाढवा. ग्लाइड (बिनरबराचं तरंगत जाणं) सरळ झाल्यावरच रबर पिळायचं, तेही थोडं थोडं वाढवत. ऊन चढल्यावर जपा, गरम हवेचा झोत सापडला तं विमान वर वर जात मैदानाबाहेर निघून जाते, म्हणून स्पर्धेच्या मॉडेलांना ठरलेल्या वेळी शेपटी वर करून खाली आणणारी सोय असते. या किटात ती नाही, तं निदान पंखावर आपला फोन नंबर लिहा.

एक स्टार कापला तो रबरासाठी. डब्यात आलेलं जुनं होतं, ताणलं की बारीक चिरा दिसत होत्या. चांगलं रबर वेगळं मागवून घ्या, लावताना एरंडेलाचा हलका हात फिरवा, मशीनचं तेल बिलकुल नको, अन् काम झालं की काळ्या पिशवीत बंद करून घरात ठेवा, उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत राहिलं तं गेलंच समजा.